जुन्या जीपच्या मीटरचे डायल: रंगवू, स्टिकर लावू की आहेत तसे ठेवू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. देवगडकडच्या एका गावात आजोबांची विलीज जीप मांगरात बरीच वर्षं उभी होती, आता नातवाने ती चालू केलीय, इंजिन बऱ्यापैकी मार्गी लागलंय पण डॅशवरचे पाचही मीटर बघवत नाहीत. स्पीडोमीटरच्या डायलला पोपडे आलेत, ऑइल मीटरची काच आतून चिकट तपकिरी, अँपिअर मीटरवर काळे ठिपके, पेट्रोलच्या मीटरचे आकडे अर्धे उडालेले. त्यांचं विचारणं असं की ऑनलाइन तयार स्टिकर डायल मिळतात ते चिकटवून मोकळं व्हावं, की डायल खरवडून नव्याने रंगवून छापून घ्यावेत, आणि छापायचेच तर मैलाच्या जागी किलोमीटर करता येतील का. आणि हे सगळं गणपतीच्या आत हवंय, मुंबईची मंडळी गावी येणार तेव्हा.

मी कुडाळला मीटर दुरुस्तीचंच काम करतो, जुन्या गाड्यांचे, ट्रकचे, मच्छीमार बोटींच्या इंजिनांचेही. त्यामुळे खाऱ्या हवेत डायलचं काय होतं ते रोज बघतो. सगळ्यात आधी एक सांगतो, तुम्ही प्रश्न डायलचा विचारलाय पण तुमचं दुखणं डायलचं नाही, डब्याचं आहे. मीटरच्या डब्यात ओल, तेल किंवा गंज शिरला म्हणून डायल खराब झाला. ते कारण तसंच ठेवून कितीही सुंदर डायल बसवा, दोन पावसाळ्यांत परत हेच. म्हणून स्टिकर की रंग हा निर्णय शेवटी, आधी प्रत्येक मीटर का बिघडला ते बघायचं. पाचही मीटरचं कारण एकच असेल असं धरून चालू नका, तुमचे फोटो बघून तर मला किमान तीन वेगवेगळी कारणं दिसतायत.

ऑइल मीटरपासून सुरू करू. विलीजचा ऑइल मीटर मेकॅनिकल, म्हणजे इंजिनचं तेल बारीक नळीतून थेट मीटरच्या मागे येतं. आत वाकडी पितळी नळी असते, तेलाच्या दाबाने ती सरळ व्हायला बघते आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा हलतो. त्या नळीला किंवा सांध्याला बारीक गळती असली की तेल आत झिरपतं, काचेवर तवंग येतो, डायल तपकिरी होतो. म्हणजे तुमच्या त्या मीटरचा डायल कदाचित मुळात चांगलाच असेल, त्याच्यावर फक्त तेल बसलंय. गळती न शोधता तो रंगवायला दिलात तर पैसे पाण्यात नाही, तेलात गेले समजा.

स्पीडोमीटरचं तसंच बघा. डायलच्या खालच्या अर्ध्यात ओघळल्यासारखे डाग असतील तर बहुतेक केबलचं ग्रीस आहे. गॅरेजमध्ये केबल काढली की पोरं ती वरपासून खालपर्यंत ग्रीसने माखतात, मग केबल फिरता फिरता ते ग्रीस वर चढवत मीटरमध्ये नेऊन सोडते. मीटरकडची वरची वीतभर केबल कोरडीच ठेवायची असते. हे नव्वद टक्के मेकॅनिकना माहीत नसतं असं माझं मत, आकडा माझ्या मनाचा आहे पण मत पक्कं आहे. आता पोपडे आणि त्यांच्या कडेला नारिंगी ठिपके असतील तर मात्र पत्रा गंजतोय आणि रंगाला खालून उचलतोय. अशा जागी वरून काहीही लावणं व्यर्थ.

काळे ठिपके म्हणजे बुरशी. आपल्याकडे मिरग लागला की चामड्याची चप्पल चार दिवसांत हिरवी होते, तिथे मीटरमधल्या धुळीवर बुरशी येणारच. ही बऱ्याचदा वरवरची असते, प्रिंट खाली शाबूत असते. बल्बच्या शेजारी तपकिरी चंद्रकोर दिसली तर ती उष्णतेची, कोणीतरी मूळपेक्षा जास्त वॅटचा बल्ब घातलेला असतो. आणि पांढरी पावडर दिसली तर जस्ताच्या ओतीव भागांना खार लागलाय, ती डायलची नसते पण डायलवर पडते.

उघडायच्या आधी एक तपासणी मात्र सक्तीची, ती रेडियमची. नंबरप्लेटवाल्याकडचं चमकणारं रेडियम नव्हे, खरं किरणोत्सारी रेडियम. दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासच्या बऱ्याच मीटरांवर, विशेषतः लष्करी आणि विमानांच्या, अंधारात दिसावं म्हणून आकड्यांवर आणि काट्यावर रेडियमचा लेप असायचा, काही ठिकाणी साठच्या दशकापर्यंत. आता अंधारात काही चमकत नाही म्हणजे रेडियम संपलं असं समजू नका. चमकायचं काम त्यातला झिंक सल्फाइड करतो, तो कधीच निकामी होतो, पण रेडियम-२२६ निम्मं व्हायला सुमारे १६०० वर्षं लागतात. ओळख अशी की आकड्यांवर जाडसर उठावदार पिवळट-तपकिरी लेप असतो, कधी भुगा सुटलेला, आणि डायलवर त्याच्याभोवती जळल्यासारखा डाग. तसं दिसलं तर मीटर उघडू नका, घासू नका, फुंकर तर अजिबात मारू नका. बाहेरून काचेमागे आहे तोवर मुख्य धोका मर्यादित असतो, पण ती धूळ नाकातोंडात गेली की कायमची आत बसते. अमेरिकेत १९२० च्या दशकात डायल रंगवणाऱ्या मुली ब्रशला ओठांनी टोक काढायच्या आणि त्यातल्या कितीतरी जणी त्याने गेल्या. संशय असेल तर गायगर काउंटर असलेल्या माणसाकडून तपासा आणि तो मीटर तसाच बंद ठेवून त्याच मापाचा दुसरा बसवा. तुमच्या फोटोत मला सपाट छपाई दिसतेय, लेप दिसत नाही, म्हणून पुढचं लिहितोय. पण फोटोवरून शंभर टक्के कोणी सांगू शकत नाही, तुम्ही स्वतः भिंगाने बघा.

आता उघडणं. ह्या मीटरांची पुढची रिंग मागच्या बाजूने डब्यावर वळवून बसवलेली असते, स्क्रू नसतो. ब्रिटिश स्मिथ्स मीटरसारखी फिरवून निघणारी रिंग नाही ही, म्हणून यूट्यूबवर बघून पिळायला जाऊ नका. बोथट, कडा घासून गुळगुळीत केलेला स्क्रूड्रायव्हर घ्या आणि वळवलेली कड थोडी थोडी उचलत पूर्ण गोल फिरा, मग परत पहिल्यापासून अजून थोडी. एकाच जागी जोर लावलात की रिंगला कायमची खोच पडते, आणि लोखंडी गंजकी रिंग असेल तर तुकडाच हातात येतो. बॅटरीची तार आधी काढायची हे सांगायला नको, तरी सांगतो, कारण अँपिअर मीटरमधून स्टार्टर वगळता जवळजवळ सगळ्या गाडीचा करंट जातो आणि त्याच्या मागे फ्यूज नसतो.

तापमानाच्या मीटरला वेगळा नियम. त्याच्या मागून निघालेली बारीक तांब्याची नळी थेट इंजिनच्या पाण्यात बसलेल्या बल्बपर्यंत जाते आणि आत उडून जाणारं द्रव बंद केलेलं असतं. ती नळी मीटरपासून सुटत नाही. कापली, पिळली, मोडली की मीटर संपला. म्हणून बल्ब इंजिनमधून सोडवून, नळीचं मोठं वेटोळं करून, मीटर नळीसकट टेबलावर आणायचा आणि सगळं काम नळी लोंबकळत असतानाच करायचं. हा मीटर शेवटी घ्या, हात बसल्यावर.

काटा काढणं हा सगळ्यात नाजूक भाग आणि लोक नेमके इथेच घाई करतात. स्पीडोमीटरचा काटा शून्यावर एका छोट्या खुंटीला टेकलेला दिसतो. तो तिथे आपल्या मर्जीने उभा नसतो, आतली केसासारखी स्प्रिंग त्याला अजून मागे ओढत असते आणि खुंटी अडवते. काटा तसाच उपटला तर ती ओढ किती होती ते कायमचं हरवतं, मग डायल झकास होतो आणि मीटर वेग चुकीचा दाखवतो. म्हणून आधी काटा अलगद उचलून खुंटीवरून पलीकडे सोडायचा, तो स्वतःहून मागे जाऊन जिथे थांबेल ती त्याची खरी जागा. डब्याच्या कडेला मास्किंग टेप लावून तिथे पेन्सिलीने रेघ मारायची, डायलवर नाही. फोटो काढायचा. परत बसवताना काटा त्या रेघेवर बसवायचा आणि मग उचलून खुंटीच्या अलीकडे आणायचा. काढताना डायलवर मधे खाच कापलेला जाड कागद सरकवा, काट्याच्या बुंध्याखाली दोन्ही बाजूंनी सारख्या जोराने दोन छोटे चमचे किंवा घड्याळजीचे लिव्हर लावा आणि सरळ वर उचला. आला नाही तर थांबा, घड्याळजीकडे न्या, रिकामी फुशारकी नको.

मैल मोजणाऱ्या चाकांना हात लावू नका. त्यांच्यावरचे आकडे साध्या स्पिरिटनेही पुसले जातात. आकडा जेवढा आहे तेवढाच राहू द्या, फोटोत नोंद ठेवा.

डायल सुटा झाला की पुसायच्या आधी स्कॅन करायचा. हे मी सगळ्यांना सांगतो आणि निम्मे लोक विसरतात. डायलवर आत्ता जी काही प्रिंट शिल्लक आहे तीच तुमची एकमेव मूळ प्रत आहे, पुसताना त्यातली काही गेली तर परत कुठून आणणार. डायल स्कॅनरच्या काचेवर पालथा ठेवा, शेजारी स्टीलची मोजपट्टी ठेवा म्हणजे माप बरोबर येतं, १२०० डीपीआयवर स्कॅन करा, मग डायल थोडा फिरवून अजून एकदा. घरच्या चपट्या ऑल-इन-वन स्कॅनरला काचेपासून जरा वर असलेली वस्तू धूसर दिसते, म्हणून डायल डब्यात ठेवून स्कॅन करायचा प्रयत्न फुकट जातो, तो सुटाच हवा. डायल वाटीसारखा खोलगट असेल तर कॅमेऱ्याने लांबून झूम करून, अगदी समोरून फोटो घ्या.

मग पुसणं. आधी कॅमेऱ्याचा ब्लोअर आणि मऊ ब्रशने सुटी धूळ. त्यानंतर रिंगखाली झाकली जाणारी कड शोधा, तिथे इअरबड डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून, जवळजवळ कोरडा पिळून, फिरवून बघा. फिरवून म्हणजे लाटण्यासारखा, घासायचा नाही. इअरबडवर नुसता तपकिरी मळ आला तर चाल पुढे, काळा रंग किंवा पांढरी शाई आली तर लगेच थांबा. कोलिन, थिनर, पेट्रोल, सॅनिटायझर काहीही नको. काही जुन्या छपाया एवढ्या कच्च्या असतात की ओला बोळा एकदा फिरला की आकडे बोळ्यावर. थुंकीचं ऐकून हसाल, पण म्युझियममध्ये जुन्या चित्रांवरचा मळ काढायला माणसाची लाळ खरंच वापरतात, आणि हट्टी डागावर थोडीशी थुंकी मीही वापरतो, मग पाण्याच्या बोळ्याने पुसून घेतो. फक्त रेडियमचा संशय असेल तर हे अजिबात नाही. चांदीचा मुलामा दिलेल्या पितळी डायलवर ब्रासो लावणाऱ्यांना तर काय सांगायचं, एका मिनिटात चांदी जाऊन पितळ उघडं पडतं, पण तुमचे डायल ते नाहीत.

एवढं झालं की डायल टेबलावर ठेवून दोन दिवस नुसता बघा. बऱ्याचदा इथेच काम संपतं. अँपिअर आणि ऑइल मीटरचं तुमचंही इथेच संपेल असा माझा अंदाज आहे. थोडा पिवळा पडलेला, एखादा ओरखडा असलेला पण मूळचा डायल माझ्या मते नव्या छापलेल्यापेक्षा केव्हाही बरा, आणि जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात जाणकार परीक्षकही बहुतेक तेच बघतात. गाडी रोज वापरायची असेल, आकडे वाचताच येत नसतील, तर गोष्ट वेगळी. हे ज्याच्या त्याच्या गरजेवर आहे, मी जबरदस्ती करणार नाही.

पेट्रोलच्या मीटरचे अर्धे आकडे गेलेत, तिथे पूर्ण डायल न रंगवता फक्त गेलेलं भरून काढता येतं. उचललेला पोपडा असेल तर त्याच्याखाली पातळ केलेलं अ‍ॅक्रिलिक मिडियम बारीक ब्रशच्या टोकाने सोडायचं, ते आपोआप आत ओढलं जातं, वर बटर पेपर ठेवून बोटाने हलकं दाबायचं. मग गेलेले आकडे हाताने काढायचे. आपल्या कोकणात ह्या कामाला माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. प्रत्येक गावात गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायची जागा आहे आणि तिथे डोळ्यांची आखणी करणारा जो हात असतो त्याच्याइतका स्थिर हात मीटरवाल्याचा नसतो, माझा तर नाहीच. माझी बारीक कामं असा एक मूर्तिकारच करून देतो, पहिल्यांदा डायल दाखवला तेव्हा भिंगातून बघून म्हणाला, "हेच्यापेक्षा गणपतीचो डोळो कठीण." रंग मात्र आपण मिसळून द्यायचा. शुभ्र पांढरा वापरला की नवीन आकडा जुन्यांच्या शेजारी बोंबलतो, पांढऱ्यात किंचित पिवळी माती आणि सुईच्या टोकाएवढा तपकिरी घालून हस्तिदंती करायचा, आणि दिवसाच्या उजेडात जुळवायचा, ट्यूबलाइटखाली नाही. पाण्यात निघणारा रंग घेतलात तर उद्या नको वाटलं तरी मूळ डायलला धक्का न लागता पुसता येतो. आणि कृपा करून वरून क्लिअर लॅकर मारू नका. मूळ प्रिंट त्यात विरघळू शकते, चकाकी बदलते आणि ते परत निघत नाही.

राहिला स्पीडोमीटर. पत्रा खालून गंजला असेल तर तो पूर्ण नव्याने करावा लागेल, इथे मी मन घट्ट करतो. रंग काढा, गंज फॉस्फोरिक अ‍ॅसिडवाल्या रस्ट रिमूव्हरने घालवा, धुवून लगेच हेअर ड्रायरने कोरडा करा, कारण आपल्या हवेत उघडा पत्रा जेवून येईपर्यंत परत लालसर होतो. त्याच दिवशी प्रायमर. मग काळा, पण ब्लॅकबोर्डसारखा मेलेला मॅट नाही. तसा मॅट बोटाचा ठसा धरतो आणि खोटा दिसतो, मूळ काळ्याला अंगचं थोडं तेज असतं. एअरब्रशने पातळ हात, जाड एक हात नको, नाहीतर स्क्रूची भोकं आणि मैल मोजायच्या खिडकीच्या कडा बुजतात.

काळा कुठला मारायचा ह्यात एक युक्ती आहे. पांढरे आकडे स्क्रीन प्रिंटिंगने छापायचे आणि पहिला छापा क्वचितच नीट येतो, तो लगेच पुसून परत छापावा लागतो. खाली ड्युको म्हणजे एनसी पेंट, थिनर उडून वाळणारा आणि थिनरने परत विरघळणारा रंग असेल तर शाई पुसताना काळाही निघून येतो. खाली टू-पॅक पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग मारून पूर्ण वाळवला असेल तर शाई सौम्य सॉल्व्हंटने पुसता येते आणि काळा जागेवर राहतो. म्हणून पीयू. फक्त त्याचा हार्डनर फुप्फुसाला वाईट, उघड्यावर आणि योग्य फिल्टरचा मास्क लावूनच, कोविडचा उरलेला कापडी मास्क चालणार नाही.

आणि इथेच तुमच्या गणपतीच्या मुदतीचं उत्तर येतं. पावसाळ्यात डायल रंगवू नका. एनसी पेंटमधलं थिनर उडताना पत्र्याचा पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्याच्यावर बसते आणि काळा रंग दुधाळ पडतो. पीयूचा हार्डनर तर ओलाव्याशीच रासायनिक क्रिया करतो आणि बारीक बुडबुडे येतात. आमच्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा रंगाचा मोसम. एसीच्या खोलीत, बल्बच्या पेटीत वगैरे जुगाड करणारे करतात, पण पावसात रंगवलेल्या डायलची हमी मी देत नाही. शिवाय तो आखणी करणारा माणूस चतुर्थीपर्यंत तुमच्याकडे बघणारही नाही.

छपाईसाठी स्कॅन कोरलड्रॉमध्ये घेऊन प्रत्येक रेघ आणि आकडा हाताने ट्रेस करायचा. ऑटो ट्रेस दाबलं की गंजाचे डागही छापून येतात. जवळचा वाटणारा फाँट टाकायचा मोहही टाळा, त्या काळचे आकडे कोणीतरी हाताने काढलेले असतात, त्यातला ४ आणि ६ कुठल्याच फाँटशी तंतोतंत जुळत नाही. काम झालं की कागदावर खऱ्या मापात प्रिंट काढून डायलवर धरून उजेडात बघा. स्पीडोमीटरच्या घरांमधलं अंतर बहुतेक सारखं असतं कारण चुंबकाची ओढ वेगाच्या प्रमाणात वाढते, पण पेट्रोल आणि तापमानाच्या मीटरची घरं मुळातच असमान असतात. ती सुबक दिसावीत म्हणून कोणी डिझाइनरने सारखी केली की मीटर खोटं बोलायला लागतो. बारीक अक्षरंही सोडू नका. कंपनीचं नाव तर सगळे घेतात, पण ब्रिटिश स्मिथ्सच्या डायलवर खाली १००० किंवा १३७६ असा छोटा आकडा असतो तो केबलचे मैलामागे किती फेरे ते सांगतो, तो गाळला तर उद्या मीटर कुठल्या गिअरबॉक्सचा ते कळायचा मार्ग बंद.

स्क्रीन प्रिंटिंग लग्नपत्रिकावाला करून देईल, पण त्याची पत्रिकेची शाई आणि मोठ्या भोकांची जाळी पत्र्याला चालत नाही. धातूवर धरणारी शाई आणि बारीक पॉलिएस्टर जाळी, सेंटिमीटरला १२० धाग्यांच्या आसपासची, त्याला आणायला सांगा. पॉझिटिव्ह फिल्म, म्हणजे जिच्यावरून जाळीवर आकडे उतरवतात ती पारदर्शक प्रिंट, चांगली काळीकुट्ट हवी, ट्रेसिंग पेपरवर लेझर प्रिंट काढून भागवू नका. एमडीएफमध्ये डायलच्या जाडीएवढा खड्डा करून त्यात डायल बसवला की तो हलत नाही. आधी पत्र्याच्या भंगार तुकड्यांवर छापून बघायचं.

आता स्टिकर. वाईट वाटू देऊ नका, पण मी लावत नाही. उघड्या जीपच्या डॅशवर ऊन थेट पडतं, त्यात स्टिकरची शाई फिकटते, गोंद कडेने बाहेर येतो, कड उचलली की काटा तिथे अडकतो. आणि पुढेमागे काढायला जाल तर खालचा मूळ रंग सोबत घेऊन येतो. अगदीच गणपतीला दाखवायला हवं असेल तर एक करा, त्याच मापाचा पातळ अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा कापून स्टिकर त्याच्यावर लावा आणि मूळ डायल पुसून, कागदात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुडीसोबत डब्यात ठेवा. मग नोव्हेंबरला निवांत बघू. जाडी वाढल्याने काटा घासत नाही ना एवढं तपासा.

किलोमीटरचं सांगतो. भारतात मापांचा कायदा १९५६ चा, त्यानंतर टप्प्याटप्प्याने मैल गेले, म्हणजे तुमच्या ६० मैलांच्या मीटरचा तो जमाना त्याच्याही आधीचा. छापताना ६० मैलांच्या जागी ९६-९७ किलोमीटर येईल असं गणित करून घरं आखता येतात, काटा बरोबर दाखवेल. पण खालची चाकं मैलच मोजत राहणार, कारण ती आतल्या दातऱ्यांवर चालतात, डायलवर नाही. म्हणजे वरचा आकडा किलोमीटरमध्ये आणि खालचा मैलात. मला विचाराल तर मैल राहू द्या, जीप चाळीसच्या वर कितीशी जाणारे.

काट्याला रंग मारलात तर पातळ एकच हात, काटा आणि त्याची शेपटी वजनात तोललेली असतात, जाड रंगाने तोल बिघडतो. डब्याच्या आतला पांढरा रंग काळवंडला असेल तर तो पुन्हा पांढरा करा, रात्रीचा उजेड दुप्पट वाटेल. विलीज मूळची ६ व्होल्टची, कोणी १२ व्होल्ट केली असेल तर बल्ब त्याप्रमाणे.

बंद करताना काचेखालचं पॅकिंग नवीन घाला पण सिलिकॉन सीलंट नको, निदान आंबट व्हिनेगरसारखा वास येणारा तर नकोच. त्यातलं अ‍ॅसिड बंद डब्यात फिरत राहतं आणि पितळ, लोखंड दोन्ही खातं. डब्याच्या तळाला बारीक भोक असेल तर ते मुद्दाम ठेवलेलं असतं, बुजवू नका. दिवसा तापलेली हवा बाहेर जायला आणि रात्री आत यायला वाट लागते, नाहीतर तीच हवा रिंगच्या फटीतून पावसाचं पाणी ओढून घेते. बंद करायचं काम कोरड्या दिवशी दुपारी करा, रिंग दाबायच्या आधी डबा तासभर उन्हात तापवून घ्या.

तर गणपतीपर्यंत तुम्ही एवढंच करा: ऑइलच्या नळीची गळती काढा, केबल वरच्या बाजूने पुसून कोरडी करा, अँपिअर आणि ऑइल मीटर उघडून पुसा, पाचही डायलपैकी जे सुटे होतील त्यांचे स्कॅन घेऊन ठेवा. स्पीडोमीटरची कड भिंगाखाली बघा आणि गंज पत्र्याच्या आरपार गेलाय की वरच आहे ते मला कळवा, फोटो उजेड तिरपा पाडून काढा म्हणजे पोपडे नीट दिसतील. आरपार गेला असेल तर डायल रंगवण्यात अर्थ नाही, तेवढा पत्राच नवीन कापावा लागेल आणि त्याला भोकं पाडायची पद्धत वेगळी आहे.